राष्ट्रातीत एकीकरण आणि राष्ट्रीय निवडणुका

सार्वभौम अधिकारांचा काही भाग सामाईक संस्थेकडे सोपविणे योग्य होते का, हा प्रश्न सदस्य देशांच्या निवडणुकांत वादाचा होण्याची प्रक्रिया. अभ्यास बहुतांशी यूरोपीय संघापुरता आहे.

वादाचा उगम केव्हाचा, याविषयी मतभेद आहेत. लिंडबर्ग व शाइनगोल्ड या अभ्यासकांनी १९७० मध्ये ‘मूक संमती’ची कल्पना मांडली: एकीकरण मुत्सद्द्यांनी पाहावे, मतदार हरकत घेत नाही. ही संमती यूरोपीय संघ स्थापणाऱ्या मास्ट्रिख्ट तहाने (१९९२) मोडली असे सर्वसाधारणपणे लिहिले जाते. २ जून १९९२ रोजी डेन्मार्कमध्ये ५०.७ टक्के मते तहाच्या विरोधात पडली. सप्टेंबरात फ्रान्समध्ये तो ५१ टक्क्यांवर कसाबसा तरला. मात्र नॉर्वेने १९७२ मध्येच संघाच्या पूर्वावतारातील, म्हणजे यूरोपीय समुदायातील, प्रवेश सार्वमताने नाकारला होता. ब्रिटनमध्ये समुदायात राहावे की नाही यावरील १९७५ च्या सार्वमतात सत्ताधारी मजूर पक्षाचे मंत्री परस्परविरोधी प्रचार करीत होते, आणि १९८३ च्या जाहीरनाम्यात त्याच पक्षाने बाहेर पडण्याचे वचन दिले. त्यामुळे मास्ट्रिख्टला उगम न म्हणता वळण म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

मोठे पक्ष या प्रश्नावर आतूनच दुभंगलेले असल्याने गप्प बसणे त्यांच्या सोयीचे असते. तोंड फोडतात ते बहुधा काठावरचे पक्ष. राज्यशास्त्रज्ञ पीटर मेअर यांनी एकीकरणाचा राष्ट्रीय पक्षपद्धतींवरील परिणाम मर्यादित मानला. हूघे व गॅरी मार्क्स हे अभ्यासक मतदारांच्या राष्ट्रीय अस्मितेवर भर देतात. ब्रिटनची संघातून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर गाजलेली २०१९ ची निवडणूक पाहता या दोघांचे म्हणणे टिकते.

दक्षिण आशियात सार्क या प्रादेशिक संघटनेला (१९८५) असे अधिकारच नाहीत. निर्णय एकमताने आणि द्विपक्षीय तंटे चर्चेबाहेर. जवळचे उदाहरण गॅट या जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींतील डंकेल मसुद्याचे (१९९१), जरी त्यातून पुढे आलेली जागतिक व्यापार संघटना काटेकोर अर्थाने राष्ट्रातीत नव्हे. महाराष्ट्रात ‘डंकेल’ हा शब्द गावच्या सभेतही रुळला, पण वाद पक्षरेषांवर पडला नाही: शेतमालाला बाजार खुला होईल म्हणून शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांचा पाठिंबा, तर डावे आणि स्वदेशीवाले दोघेही विरोधात. जानेवारी २००४ मध्ये मुंबईत गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिकीकरणाच्या विरोधकांचा जागतिक सामाजिक मंच भरला. मंचही ज्यांना मवाळ वाटला त्यांनी समोरच ‘मुंबई रेझिस्टन्स’ भरविला. त्यानंतर तीनच महिन्यांनी लोकसभेचे मतदान सुरू झाले. प्रचारात मात्र गाजले ते सत्ताधारी आघाडीचे ‘इंडिया शायनिंग’.