कर्नल ते प्राध्यापक : जॉन टूझो विल्सन आणि आपल्या काळ्या कातळाची कुळकथा

हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली डोकावलं की लाव्हाचे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. हा कातळ आला कुठून, असं कुणी विचारलं की गटातला एखादा जाणकार सांगतो : भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो एका हॉटस्पॉटवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या एका जागी टिकून असलेल्या उष्ण भट्टीवर आला, जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहत राहिला. तो हॉटस्पॉट आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. हे आता इतकं सहज सांगितलं जातं की, ही हॉटस्पॉटची कल्पना मुळात कुणाला सुचली हे विचारायचं राहूनच जातं. ती सुचली जॉन टूझो विल्सन यांना. दुसऱ्या महायुद्धात कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेला आणि गणवेश उतरवून टोरांटो विद्यापीठात भूभौतिकीचा प्राध्यापक झालेला हा कॅनेडियन माणूस.

विल्सन यांचा जन्म १९०८ सालचा, ओटावातला. आई हेन्रिएटा टूझो गिर्यारोहक. रॉकी पर्वतातल्या एका शिखरावर त्या १९०६ मध्ये पहिल्यांदा चढल्या आणि त्या शिखराला त्यांचंच नाव मिळालं. मुलगा टोरांटोत भौतिकशास्त्र शिकायला गेला, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत नोएल ओडेल यांचा मदतनीस म्हणून रानात राहिला आणि मन बदललं. एव्हरेस्टवर १९२४ मध्ये मॅलरी आणि अर्विन या गिर्यारोहकांना शेवटचं पाहिलं ते याच ओडेल यांनी. तेही भूवैज्ञानिक आणि पहिल्या महायुद्धात लढून आलेले. विल्सन यांनी भौतिकशास्त्र आणि भूविज्ञान यांची सांगड घालून १९३० मध्ये पदवी घेतली, पुढे केंब्रिज आणि मग प्रिन्स्टनची डॉक्टरेट, १९३६ मध्ये. त्यानंतरची तीन वर्षं ते कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होते. जंगलं आणि तळी तुडवत नकाशे काढायचं काम.

१९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि ते सैन्याच्या इंजिनिअर दलात गेले. काही वर्षं युरोपात काढल्यावर त्यांच्याकडे सैन्याच्या ‘ऑपरेशनल रिसर्च’ विभागाची सूत्रं आली. लढाईचे प्रश्न मोजमापाने आणि गणिताने सोडवायचे, असं त्या विभागाचं काम. माझ्या मते विल्सन यांच्या आयुष्यात हा टप्पा फार मोलाचा आहे. खडकाचा एकेक तुकडा भिंगाखाली धरणाऱ्या भूवैज्ञानिकांमध्ये, अख्खा नकाशा टेबलावर पसरून विचार करायची सवय असलेला माणूस येऊन बसला तो इथूनच.

युद्ध संपल्यावर, फेब्रुवारी ते मे १९४६ या काळात, कॅनडाच्या सैन्याने ‘मस्क-ऑक्स’ नावाची मोहीम काढली. हडसन उपसागराकाठच्या चर्चिल गावातून निघून आर्क्टिकमधून वळसा घालत बर्फावर चालणाऱ्या गाड्यांनी सुमारे पाच हजार किलोमीटर जायचं. विल्सन या मोहिमेचे उपसंचालक होते. त्याच वर्षी ते टोरांटोत प्राध्यापक म्हणून रुजू झाले. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून भूरचना वाचायचं तंत्र त्यांनी कॅनडाच्या अफाट उत्तर भागासाठी वापरलं. जिथे पायी पोचायला पिढ्या गेल्या असत्या, तिथल्या हिमनद्यांच्या खुणा त्यामुळे नकाशावर आल्या.

आता यातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. हे विल्सन भूखंडवहनाचे पक्के विरोधक होते! जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात हे १९१२ मध्ये मांडलं. पहिल्या महायुद्धात ते जखमी झाले आणि रजेच्या काळात त्यांनी त्याच विषयावरचं पुस्तक लिहिलं, ते १९१५ मध्ये आलं. पण खंड ढकलणारं बळ कोणतं, हे त्यांना पटेलसं सांगता आलं नाही. केंब्रिजचे हॅरॉल्ड जेफ्रीझ यांच्यासारखे गणिती ही कल्पना साफ नाकारत. पृथ्वी थंड होत आक्रसते आणि वाळलेल्या फळाच्या सालीसारख्या सुरकुत्या पडून पर्वत होतात, हे मत तेव्हा वजनदार होतं. विल्सनही त्याच पक्षात होते, आणि १९५९ मध्ये सहलेखकांबरोबर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातही त्यांनी आक्रसणाऱ्या पृथ्वीचीच बाजू घेतली.

तोवर समुद्राच्या तळाकडून वेगळीच माहिती येऊ लागली होती, आणि तीही बरीचशी युद्धामुळे. प्रिन्स्टनचे हॅरी हेस पॅसिफिकमध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजाचे कप्तान होते. खोली मोजणारं प्रतिध्वनी यंत्र ते प्रवासभर चालू ठेवत आणि त्यातून त्यांना सपाट माथ्याचे बुडालेले डोंगर सापडले. पाणबुड्या हुडकायला विकसित केलेली चुंबकमापकं युद्धानंतर संशोधन जहाजांमागे ओढली जाऊ लागली. मध्यसागरी, म्हणजे महासागराच्या तळावरून जाणाऱ्या बुडालेल्या पर्वतरांगांपाशी नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो, असं हेस यांनी १९६२ मध्ये छापलं. विल्सन यांनी हा पुरावा पाहिला आणि पन्नाशी उलटलेली असताना, स्वतःचं छापलेलं पुस्तक बाजारात असताना, पक्ष बदलला. विद्वानाला याहून अवघड काही नसतं असं मला वाटतं.

मग पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांनी जे केलं, त्याला तोड नाही. हवाई बेटांची माळ वायव्येकडे जावं तशी जुनी होत जाते, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. विल्सन म्हणाले, बेटं तयार करणारी भट्टी खाली प्रावरणात (भूकवचाखालच्या जाड थरात) एका जागी आहे, वरचा तळ सरकतो. अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकाने हा लेख नाकारला. शेवटी तो १९६३ मध्ये कॅनडाच्या एका भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात आला, जे भूवैज्ञानिक सहसा उघडतही नसत.

१९६५ मध्ये केंब्रिजला असताना त्यांनी कागदाच्या घड्या घालून दाखवल्या. मध्यसागरी पर्वतरांग जागोजागी तुटून बाजूला सरकलेली दिसते. सगळे समजत होते की रांग आधी सलग होती, मग प्रस्तरभंगाने, म्हणजे खडकातल्या सरकत्या भेगेने तोडली. विल्सन यांनी कागदाला चीर देऊन दोन घड्यांमधून कागद बाहेर ओढला. रांगेचे तुकडे जागचे हलत नाहीत, नवा तळ मात्र दोन्हीकडे सरकतो, आणि म्हणून दोन तुकड्यांमधल्या चिरेवरची हालचाल सगळ्यांच्या समजुतीच्या नेमकी उलट दिशेने होते. या चिरांना त्यांनी ‘ट्रान्सफॉर्म फॉल्ट’ म्हटलं. भूकवच काही मोठ्या ताठ ‘प्लेट’मध्ये विभागलेलं आहे, हेही त्यांच्या त्याच वर्षीच्या लेखात आहे. दोन वर्षांनी भूकंपतज्ज्ञ लिन साइक्स यांनी समुद्रतळाच्या भूकंपांच्या नोंदी तपासल्या, तर हालचाल कागदाने सांगितलेल्या दिशेचीच निघाली. त्याआधी १९६६ मध्ये विल्सन यांनी आणखी एक प्रश्न टाकला : अटलांटिक एकदा मिटून पुन्हा उघडला का? महासागर उघडण्या-मिटण्याच्या या क्रमाला आज ‘विल्सन चक्र’ म्हणतात.

नंतर ते एका नव्या कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि १९७४ पासून अकरा वर्षं टोरांटोच्या ऑंटॅरिओ विज्ञान केंद्राचे महासंचालक. १९९३ मध्ये ते गेले.

हवाईची ती कल्पना आपल्यापर्यंत पोचली ती अमेरिकी भूभौतिकतज्ज्ञ जेसन मॉर्गन यांच्यामार्फत. त्यांनी १९७१ मध्ये असे हॉटस्पॉट म्हणजे खोल प्रावरणातून वर येणारे उष्ण झोत असावेत असं मांडलं, आणि दख्खनचा लाव्हा रियुनियनशी जोडला गेला. १९८७ मध्ये हिंदी महासागराच्या तळाला छिद्रं पाडून खडक वर काढले, तेव्हा त्यांची वयं या मांडणीला धरून निघाली : दख्खनपासून लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस असं दक्षिणेला जावं तसा खडक तरुण होत जातो, आणि टोकाला रियुनियनचा ज्वालामुखी अजून धगधगतो. झोताबद्दलचे वाद संपलेले नाहीत. दख्खनच्या लाव्हाला झोताइतकंच भूकवच ताणलं जाणंही कारणीभूत होतं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत.

भूकंपलहरींनी पृथ्वीचं पोट तपासताना आफ्रिकेखाली, गाभ्याला टेकलेला, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवरचा एक प्रचंड ढीग सापडला आहे. तिथून जाताना लहरी मंदावतात. भूवैज्ञानिकांनी त्याला ‘टूझो’ म्हणायला सुरुवात केली, आणि पॅसिफिकखालच्या त्याच्या जोडीदाराला ‘जेसन’. खंड मागे सरकवून पाहिले की लाव्हा ओतला गेला त्या वेळचं दख्खन बरोबर टूझोच्या काठावर येतं.