रेखाटन आणि चित्र: दुर्मीळ वनस्पतीच्या कामी काय येतं?

‘बोटॅनिकल आर्ट’ हा एकच शब्द सर्रास दोन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. एक म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कामासाठी केलेलं रेखाटन आणि दुसरी म्हणजे बघणाऱ्यासाठी रंगवलेलं वनस्पतीचं चित्र. दोन्हींत कागद पांढरा, काम बारीक आणि पानं-फुलं अचूक, त्यामुळे गल्लत होणारच. (फुलदाणीतल्या फुलांचं चित्र हा तिसराच प्रकार. त्यात एखादी पाकळी कमी-जास्त झाली तरी कुणी हटकत नाही, म्हणून तो बाजूलाच ठेवू.) पण एखादी वनस्पती नामशेष होण्याच्या वाटेवर असेल तर तिला या दोघांकडून मिळणारी मदत फार वेगळी असते. चित्रामुळे तिच्यावर संकटही येऊ शकतं.

आधी रेखाटन. ते बहुतेकदा काळ्या शाईत असतं आणि सावली ठिपक्यांनी दाखवलेली असते. मध्ये फांदी किंवा पूर्ण रोप, भोवती सुटे भाग: उभं चिरलेलं फूल, एकेकटा पुंकेसर, आडवा कापलेला अंडाशय, बी, पानाच्या पाठीवरची लव. प्रत्येक भागाशेजारी मोजपट्टी. भिंतीवर लावायला कुणी मागणार नाही असा हा कागद. गंमत म्हणजे काढणाऱ्याने ती वनस्पती जिवंत पाहिलेली असतेच असं नाही. त्याच्यासमोर हर्बेरियममधला (म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला), वर्षानुवर्षं कागदावर चिकटवून ठेवलेला वाळका नमुना असतो. त्यावरचं एखादं सुकलेलं फूल गरम पाण्यात भिजवून मऊ करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने उलगडायचं आणि पाकळीवर पाकळी कशी बसली होती ते समजून घ्यायचं. फूल एका नमुन्यावरचं, फळ चार महिन्यांनी गोळा केलेल्या दुसऱ्या नमुन्यावरचं. कागदावर मात्र दोन्ही एकाच फांदीवर येतात.

फोटोला हे साधत नाही. फोटोत एक रोप आणि एक क्षण सापडतो, किड्याने खाल्लेल्या पानासकट. रेखाटनकार ते खाल्लेलं पान पुरं करतो, कारण त्याला त्या एका रोपाची नाही, सगळ्या प्रजातीची ओळख करून द्यायची असते. काय गाळायचं हे ठरवण्यातच त्याचं निम्मं कौशल्य असतं. हे काम यांत्रिक आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा वाळलेलं ऑर्किड भिजवून बघावं.

याचा संवर्धनाशी संबंध काय? नाव. ज्या वनस्पतीला शास्त्रीय नाव नाही तिला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत बसवणं जवळपास अशक्य असतं, आणि कायदाही संरक्षण देतो ते नावानेच. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा ‘साइटीस’ करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू झाला. पॅफिओपेडिलम या ऑर्किडच्या सगळ्या प्रजाती त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहेत. पण फूल नसताना त्यांतल्या कितीतरी प्रजाती सारख्याच दिसतात, आणि फूल असलं तरी खरी खूण त्याच्या मधोमध असलेल्या वांझ पुंकेसराच्या ढालीसारख्या चकतीत असते. रंगीत चित्रात ही चकती नखाएवढी. रेखाटनात ती वेगळी काढून कितीतरी पट मोठी दाखवलेली, बाजूने आणि समोरून.

रेखाटनावर काढणाऱ्याची सही कोपऱ्यात, असलीच तर. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटने १८४० ते १८५३ या काळात दक्षिण भारतातल्या वनस्पतींच्या दोन हजारांवर रेखाटनांचे सहा खंड काढले. त्यामागे रुंगय्या आणि गोविंदू या चित्रकारांचे हात होते. वाइटने ऑर्किडच्या एका वंशाला (जवळच्या प्रजातींच्या गटाला) ‘गोविंदूइया’ असं नाव देऊन कृतज्ञता दाखवली खरी, पण पुढे शास्त्रज्ञांनी तो ट्रॉपिडिया वंशात घातला आणि तेही नाव मागे पडलं.

आता चित्र. जलरंग, शक्यतो मूळ आकारात, आणि समोर जिवंत रोप. वाळवल्यावर ऑर्किडचा जांभळा तपकिरी होतो, मांसल खोडं चिपाडासारखी होतात. हर्बेरियमला जे राखता येत नाही ते चित्र राखतं. चित्रकार फर्डिनांड बाउअर १८०१ मध्ये दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा रंगवत बसायला वेळ नव्हता. त्याने पेन्सिलीने आकार काढले आणि प्रत्येक भागावर आकडे टाकले. एकेक आकडा म्हणजे रंगाची एकेक छटा, आणि असे आकडे हजाराच्या घरात. रंग भरले ते युरोपात परतल्यावर, काही तर अनेक वर्षांनी. दुर्मीळ रोप न तोडता जागच्या जागी टिपून घ्यायची ही युक्ती आजही तितकीच उपयोगाची आहे.

पण चित्राचं मोठं काम वेगळंच आहे. ज्याला अंडाशयाच्या छेदाशी काही देणंघेणं नाही, अशा माणसाला ते थांबवतं. मार्गारेट मी (Mee) या ब्रिटिश चित्रकार १९५६ पासून ॲमेझॉनच्या जंगलात जाऊन रंगवत होत्या. एकाच रात्री उमलणारं एक निवडुंगाचं फूल त्यांना उमलताना रंगवायचं होतं. तो योग मे १९८८ मध्ये, त्यांच्या पंधराव्या मोहिमेत आला; वय ७८-७९. रात्रभर नावेतून टॉर्चच्या उजेडात त्यांनी ते टिपलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्या गेल्या. त्यांच्या उत्तरकाळातल्या चित्रांत एक खोडी दिसते: वनस्पतीमागचा पांढरा कागद जाऊन तिथे जंगल येतं. रेखाटनाच्या शिस्तीत हे चालणार नाही, मागची झाडं हा तिथे निव्वळ गोंधळ. मार्गारेट यांना मात्र तेच दाखवायचं होतं. डोळ्यांसमोर जंगल तोडलं जात होतं आणि त्याविरुद्ध त्या जाहीरपणे बोलतही होत्या.

पैसाही चित्राकडेच येतो. मूळ चित्र विकून, छापील प्रती आणि दिनदर्शिका विकून संवर्धनासाठी निधी उभा राहतो. रेखाटन कोण विकत घेणार? हा फरक जुनाच आहे. विल्यम कर्टिसने लंडनच्या परिसरातल्या साध्यासुध्या रानरोपांची, तणांसकट, मूळ आकारातली चित्रं छापायला घेतली आणि त्यात हात पोळून घेतले. मग १७८७ मध्ये त्याने बागेत शोभणाऱ्या परदेशी फुलांचं सचित्र मासिक सुरू केलं, ते धडाक्यात खपलं. आजही ते निघतं, आणि १९४८ पर्यंत त्यातली चित्रं हाताने रंगवली जात होती. पहिल्या कामाने कौतुक झालं, दुसऱ्याने पोट भरलं, अशा अर्थाचं कर्टिसचंच बोलणं सांगतात. दुर्मीळ वनस्पतींतही हाच पंक्तिप्रपंच आहे. ऑर्किडला चित्रकार मिळतो, नामशेष व्हायला आलेल्या गवताला मिळत नाही. गवताची आशा रेखाटनावरच.

आता संकटाचं. इंग्रज चित्रकार मेरिअन नॉर्थ १८७६ मध्ये बोर्निओतल्या सारावाकला गेली होती. तिथे तिने एक भला मोठा घटपर्णी रंगवला. चित्र लंडनला पोचल्यावर रोपांचे बडे व्यापारी असलेल्या व्हीच कंपनीच्या हे लक्षात आलं की ही वनस्पती अजून कुणाकडे नाही. त्यांनी चार्ल्स कर्टिस नावाचा माणूस (मघाचा कर्टिस वेगळा) शोधायला धाडला. त्याने ती आणली, १८८१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरने तिला नॉर्थचं नाव दिलं: नेपेन्थेस नॉर्थियाना. एका चित्राने शास्त्राला नवी प्रजाती दिली आणि त्याच चित्राने संग्राहकाला वाट दाखवली. आज ती लाल यादीत धोक्याच्या प्रवर्गात आहे आणि तिच्यावर अजूनही संग्राहकांचा डोळा आहे.

म्हणून चित्राखाली ठिकाण लिहिताना हात आखडता घ्यावा. व्यापाऱ्यांनी हे गुपित फार पूर्वी ओळखलं होतं, अर्थात स्वतःच्या फायद्यासाठी. पॅफिओपेडिलम रॉथ्सचाइल्डियानम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आलं तेव्हा ते न्यू गिनीचं आहे असं पसरवलं गेलं. प्रत्यक्षात ते बोर्निओतल्या किनाबालू पर्वताच्या परिसरातलं, आणि तिथे ते पुन्हा सापडायला १९५९ उजाडलं. आता रेखाटनासोबतच्या शास्त्रीय वर्णनातही अशा वनस्पतींचं नेमकं ठिकाण मुद्दाम गाळतात.

मग नावासाठी चित्र पुरेसं नाही का? पूर्वी काही अंशी पुरत असे. वनस्पतींना दोन शब्दी शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने दिलेल्या कित्येक नावांचा अधिकृत आधार आजही कुणीतरी काढलेलं चित्रच आहे, त्यांत मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या सतराव्या शतकातल्या ग्रंथामधलीही आहेत. १ जानेवारी २००७ पासून मात्र नव्या फुलझाडाच्या नावाला जपून ठेवलेला खरा नमुना लागतोच.

नॉर्थच्या त्याच सारावाक मुक्कामातलं आणखी एक चित्र आहे, मातांगच्या जंगलातल्या वनस्पतींचं. लंडनच्या केव वनस्पती उद्यानात १८८२ मध्ये उघडलेल्या तिच्या दालनात ते टांगलेलं आहे. त्यात निळ्या फळांची एक फांदी. लाखो लोकांच्या नजरेखालून ती गेली, पण ती नेमकी कोण हे ठरेना, कारण चित्रात फूल उलगडलेलं नाही, छेद नाही, मोजपट्टी नाही. शेवटी केवच्याच हर्बेरियममधल्या वाळक्या नमुन्यांशी ती फांदी ताडून पाहिली गेली आणि २०२१ मध्ये तिला चॅसालिया नॉर्थियाना हे नाव मिळालं. ताडून पाहणारा तियानयी यू हा पेशाने वनस्पतींची रेखाटनं करणारा होता.