जीपचे दोन नंबर: चॅसिसचा वेगळा, फौजेचा वेगळा

परवा कणकवलीच्या एका ओळखीच्या पोराने आरसीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, दादा ही आपली जीप, मिलिटरी डिस्पोजलची आहे, म्हणजे फौजेने लिलावात काढलेली, चॅसिस नंबर दिसतोय बघा, कुठल्या पलटणीत होती तेवढं काढून द्या ना. महिन्याला असा एक तरी येतोच. आणि दरवेळी मी तेच सांगतो की बाबा, नंबर आहे तुझ्याकडे पण हवा तो नाही. मग समोरून उत्तर येतं, दादा नंबर तर नंबरच ना. नाही. तिथेच सगळा घोळ आहे.

चॅसिस नंबर काय असतो ते तुम्हाला माहीत आहे, आरसीवर असतो, इन्शुरन्सला लागतो, पासिंगला आरटीओचा माणूस पेन्सिल घासून त्याचा छाप घेतो. तो नंबर कारखान्याने दिलेला. गाडी कोणी बनवली, कुठलं मॉडेल, साधारण कधीची, एवढं तो सांगतो आणि गप्प बसतो. त्यातही युद्धकाळात जीप बनवणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्या, विलीज की फोर्ड, यावर लोक तासन्‌तास भांडतात, ते तर पाच मिनिटांचं काम आहे. समोरच्या ग्रिलच्या खाली चॅसिसचा आडवा बार गोल पाइपचा असेल तर विलीज एमबी, चौकोनी पन्हळीसारखा असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू, आणि फोर्डने आपल्या नटबोल्टांवरसुद्धा एफ अक्षर मारलंय. ग्रिलला नऊ फटी असतील तर दुसऱ्या महायुद्धातली, सात असतील तर नंतरची सिव्हिल वंशावळ. बोनट उंच असेल तर ती सीजे-३बी, विलीजने १९५३ साली आणली आणि मग आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षं बनवली, तिच्यात हरिकेन नावाचं आधीपेक्षा उंच पेट्रोल इंजिन बसवायचं होतं म्हणून बोनट वर गेलं. तेव्हा उंच बोनटची जीप घेऊन कोणी बर्माच्या लढाईतली म्हणाला तर चहा पाजा आणि विषय बदला.

आता मुद्द्याचं. फौजेने गाडी ताब्यात घेतली की तिला स्वतःचा नंबर देतात, त्याला फौजेतले लोक बीए नंबर म्हणतात, बीए म्हणजे ब्रॉड अ‍ॅरो, तो वर टोक असलेला बाण. मिलिटरीच्या गाडीच्या पाटीवर बाण, दोन आकडे, एक अक्षर, मग लांबलचक नंबर आणि शेवटी परत एक अक्षर असतं ना, तोच. हा नंबर कारखान्याला माहीत नसतो आणि आरटीओच्या नंबरशीही त्याचा काही संबंध नसतो, तो संरक्षण खात्याच्या नोंदीतला. गाडी या युनिटमधून त्या युनिटमध्ये जाते, डेपोत जाते, वर्कशॉपला जाते, पण गाडी कंडेम, म्हणजे बाद, होईपर्यंत तिच्या अंगावर हा नंबर तोच राहतो. म्हणजे गाडी फौजेत असताना कुठे होती याचा काही कागद कुठे शिल्लक असलाच तर तो या नंबराखाली असणार.

मलाही हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी दोन वर्षं चॅसिस नंबर कागदावर लिहून खिशात घालून हिंडलो. शेवटी कुडाळजवळचे एक निवृत्त हवालदार काका भेटले, आयुष्यभर ईएमईत, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती दलात, गाड्याच दुरुस्त केलेल्या, त्यांनी माझा कागद बघितला आणि हसले. म्हणाले, ‘‘हो नंबर गाडयेचो, तिच्या नोकरेचो न्हय. तुझो जन्मदाखलो दाखवन माझी पलटण गावतली काय रे?’’ गावतली म्हणजे सापडेल. आमच्याकडे घराआड एक फौजी आहे, त्यामुळे हे चटकन पटलं. फौजी माणूस झोपेतून उठवला तरी आपला आर्मी नंबर सांगतो आणि त्याच्या जन्मदाखल्यावर तो कुठेच नसतो. तेव्हापासून मी लोकांना हेच उदाहरण देतो, काकांची परवानगी न घेता.

आता अडचण ही की डिस्पोजलमध्ये गाडी सुटली की हा नंबर खोडतात किंवा त्यावर रंग मारतात, पुढचा मालक आणखी एक हात मारतो, आणि आपल्या स्मार्ट कार्ड आरसीवर त्याचा मागमूस नसतो. म्हणून लोकांना वाटतं की आहे तो एकच नंबर. मग तो शोधायचा कुठे? पहिली जागा म्हणजे गाडीचं अंग. माझी जीप एका आंबेवाल्याकडून घेतलेली, देवगडच्या सड्यावरून पेट्या वाहायची, वर तांबडा रंग, त्याखाली पिवळट, त्याखाली राखाडी प्रायमर. पुढचा बंपर मी हौसेने गॅरेजला दिला होता, तिथल्या पोराने ग्राइंडर मारून आरशासारखा करून दिला, गंज काढ असं मीच सांगितलेलं त्यामुळे बोलायलाही तोंड नाही. राहिला मागचा पत्रा. मे महिन्यात पडवीत गाडी घेतली, चारशेचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल गोल घासत बसलो, राखाडी थर पातळ झाला तसा सहाशेचा घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑलिव्ह ग्रीन दिसायला लागला आणि त्यात एक पांढरं टोक. आधी वाटलं डाग असेल. टॉर्च पत्र्याला लावून आडवी धरली तर बाणाची कड उमटलेली दिसली, हाताला लागत नव्हती पण उजेडात दिसत होती. मग ७१, मग एक अक्षर, मग चार आकडे, आणि पुढचे आकडे जिथे असायला हवेत तिथे कोणीतरी टेललाइटचं ब्रॅकेट वेल्डिंग केलेलं, आणि त्याच्या कडेने खाऱ्या वाऱ्याने बोट जाईल एवढं भोक पाडलेलं. कपाळ.

एक सांगतो, प्रत्येक थरानंतर फोटो काढा, कारण नंबरसुद्धा रंगच आहे, चार हात जास्त मारले की तोही गेला. आणि रिमूव्हर तर बिलकुल लावू नका, तो सगळे थर एकदम सोलतो. खाली हिरव्याऐवजी निळा थर लागला तर वायुसेनेचीही शक्यता तपासा. रंगीत चौकोनात दोनतीन आकडे सापडले तर तो बीए नंबर नव्हे, ती युनिटची खूण, गाडी युनिट बदलली की ती पुसून दुसरी काढतात. सापडली तर नशीब समजा, फोटो काढून ठेवा.

दुसरी जागा कागद. लिलावाच्या वेळच्या कागदांत, म्हणजे लॉटची यादी, गाडी सोडल्याची ऑर्डर, यांत बीए नंबर आणि चॅसिस नंबर बहुतेक वेळा शेजारी शेजारी असतात, आणि या दोन नंबरांची गाठ घालून देणारा तोच एक दुवा. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे माजी लष्करी गाडी नोंदवायची तर संबंधित अधिकाऱ्यांचं मूळ विक्री प्रमाणपत्र फॉर्म २१ मध्ये लागतं, त्याआधीच्या नोंदणीतही गाडी कुठून आली याचा काही ना काही कागद बहुधा जोडलेला असतो. हे कागद जुन्या फाइलीत असतात, म्हणून अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून काही मिळत नाही. जिथे पहिली नोंदणी झाली त्या आरटीओत बी एक्स्ट्रॅक्टसाठी, म्हणजे त्यांच्या नोंदवहीतल्या उताऱ्यासाठी, अर्ज करा आणि जुन्या फाइलची प्रत मागा. सिंधुदुर्गवाल्यांनी हे लक्षात ठेवा की आपला जिल्हा १९८१ चा, त्याआधीच्या गाड्या रत्नागिरीच्या, आणि आपली फाइल ओरोसला असेल असं धरून बसू नका. गाडी मध्ये तीन मालकांकडे फिरली असेल तर सगळ्यात जुन्या मालकाच्या घरचा पत्र्याचा ट्रंक आरटीओपेक्षा लवकर उघडतो, हेही सांगून ठेवतो.

इंजिन नंबरावरून शोध घेणाऱ्यांनी तर तो नाद सोडाच. फोर्डच्या युद्धकाळातल्या जीपला कारखान्यातून निघताना इंजिन आणि चॅसिसचा नंबर एकच होता, विलीजला तेव्हाही वेगवेगळे. फौजेच्या वर्कशॉपात ओव्हरहॉलला एकाचं इंजिन दुसऱ्याला बसतं. आणि नंतर आपल्या लोकांनी पेट्रोल परवडत नाही म्हणून मॅटाडोरचं डिझेल इंजिन ठोकलं असेल तर आरसीवरचा इंजिन नंबर मॅटाडोरचा इतिहास सांगेल, जीपचा नाही.

परदेशी व्हिडिओ बघून लोक आणखी गोंधळतात. ब्रिटनमध्ये युद्धानंतरच्या लष्करी गाड्यांची रेकॉर्ड कार्डं जपलेली आहेत, गाडी कुठल्या तारखेला कुठल्या युनिटला गेली ते कळतं, पण तिथेही विचारताना लष्करी नोंदणी नंबर द्यावा लागतो. अमेरिकन जीपच्या बोनटवर २० ने सुरू होणारा लांब नंबर असतो तोही नोंदणीचाच, चॅसिसचा नव्हे, आणि चॅसिसवरून लोक त्याचा अंदाज बांधतात पण नेमका नंबर निघत नाही. म्हणजे देश कुठलाही घ्या, भानगड तीच.

तारखांचं पण असंच. बीए नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे फौजेने गाडी घेतली ते साल. माझ्या आरसीवर पहिली नोंदणी १९८६ ची, म्हणून आधीचा मालक तिला शहाऐंशीची जीप म्हणायचा, काय तर म्हणे नवीन आहे. अहो ती तिच्या पेन्शनची तारीख. पंधरा वर्षं नोकरी करून आलेली बाई ती. उलट ७१ दिसलं म्हणून मी लगेच बांगलादेशच्या लढाईपर्यंत पोचलो होतो, तेही चूक, ती लढाई ३ ते १६ डिसेंबर, आणि ७१ साली घेतलेली गाडी तेव्हा डेपोत नुसती उभीही असू शकते. कोकणात मला भेटलेली प्रत्येक दुसरी डिस्पोजल जीप ६५ ला तोफ लावून लढलेली असते, अब्दुल हमीदांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे. तोफ होती तर मागच्या फ्लोअरला माउंटची भोकं, वेल्डिंग, काहीतरी खूण दाखवा ना. नुसतं आजोबा सांगायचे हा पुरावा नाही.

आणि कृपा करून ऑलिव्ह ग्रीन मारून वर मनाने बनवलेला बाण-नंबर काढू नका. संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय दुसऱ्या गाडीला तो रंग मारायला नियमात बंदी आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे उद्या तुमच्यानंतर कोणी तो थर घासून बघेल आणि तुमचा खोटा नंबर खरा समजून पाच वर्षं शोधत बसेल. चॅसिस नंबर गंजला म्हणून स्वतः पंच घेऊन ठोकणारेही बघितलेत, त्याला आरटीओची परवानगी लागते, नाहीतर चांगली गाडी कागदावर चोरीची ठरते.

आता ज्या तारखेला मी एवढी नावं ठेवली तीच कुठे लागते बघा. २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आले, व्हीए मालिकेचा नंबर, नवीन नोंदणीला वीस हजार फी. त्यात गाडी पन्नास वर्षांच्या वरची हवी आणि ती वर्षं मोजायची पहिल्या नोंदणीपासून. म्हणजे पत्र्यावर ७१ दिसत असलं तरी माझी जीप २०३६ पर्यंत तरुणच, आणि तोवर तिच्यातलं डिझेल इंजिन काढून मूळ पेट्रोलचं शोधून बसवायचंय कारण इंजिन बदललेली गाडी त्यात बसत नाही. रत्नागिरीला फाइलसाठी अर्ज टाकलाय, चार आकडे पत्र्यावर मिळालेत, पुढचे त्या कागदावर असतील तर असतील. कोणाकडे चालू हालतीतलं हरिकेन इंजिन पडलं असेल तर सांगा, गोठ्यात असलं तरी चालेल.