ओल जिथे, बी तिथे

आपल्याकडे मका टोकताना बी चार-पाच सेंटिमीटर खोल गेलं की पुरे. अमेरिकेतल्या होपी या आदिवासी जमातीतला शेतकरी तेच बी टोकदार काठीने वीतभर, कधी त्याहूनही खाली सोडतो. एका खड्ड्यात दहा-बारा दाणे, आणि पुढचा खड्डा काही पावलं सोडून. पाणी द्यायचं नाही. ओल जिथे आहे तिथवर बी न्यायचं.

होपींची गावं अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या ईशान्येला, ब्लॅक मेसा पठाराच्या दक्षिणेकडच्या सोंडांवर आहेत. त्यातलं ओराइबी सुमारे 900 वर्षं नांदतं आहे. वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम 200 ते 250 मिलिमीटर. हिवाळ्यातला बर्फ वितळून वाळूत मुरतो. वसंतात वारा सुटला की वरचा थर खडखडीत वाळतो, पण तोच कोरडा थर खालच्या ओलीला झाकून धरतो. जाड वाळूत केशाकर्षण कमी, त्यामुळे खालचं पाणी सहसा वर चढून उडून जात नाही. जुलैतल्या पावसापर्यंत पिकाला जगवायचं ते या ओलीनेच.

पण इतक्या खालून कोंब वर येतो कसा? दाणा आणि कोंबाचं टोक यांच्यामध्ये एक पांढरा दांडा असतो, त्याला मेसोकॉटिल म्हणतात. अंधारात तो लांबत राहतो आणि टोकाला उजेड लागला की थांबतो. साध्या मक्यात त्याची लांबी तेवढी पुरत नाही, कोंब मातीखालीच पानं उघडतो आणि मरतो. होपी मक्यात मात्र हा दांडा 25-30 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. शिवाय सुरुवातीला फुटव्या मुळांचा पसारा न करता एकच दणकट मूळ सरळ खालच्या ओलीकडे धाव घेतं. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जी. एन. कॉलिन्स यांनी 1914 मध्ये या दोन्ही गोष्टी नोंदवल्या. हे गुण आपोआप टिकलेले नाहीत. कोरड्या वर्षांतही तगलेल्या ताटांचं बियाणं राखत होपींच्या कित्येक पिढ्यांनी ते घडवलं. माझ्या मते हे पहिल्या दर्जाचं शेतीशास्त्र आहे, त्याला नुसती ‘परंपरा’ म्हणून बाजूला ठेवणं अन्यायाचं होईल.

पिण्याचं पाणी पूर्वी झऱ्यांचं. वरच्या वालुकाश्मातून झिरपलेलं पाणी खालच्या शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाच्या, थराला अडतं आणि सोंडेच्या उतारावर बाहेर पडतं. हे झरे गावाने मिळून उपसायचे, गाळ काढायचा, काठावर प्रार्थनेची पिसं ठेवायची, असा रिवाज. पूजा आणि डागडुजी ही इथे दोन वेगळी कामं नाहीत.

या पठाराच्या पोटात, नवाहो नावाच्या वालुकाश्माच्या थरात, खूप खोलवरही पाणी आहे. त्यातलं बरंचसं हिमयुगाच्या अखेरीस मुरलेलं आहे आणि नव्याने भर पडते ती फार संथ. 1970 च्या सुमारास पीबॉडी कंपनीच्या कोळसा खाणीसाठी या पाण्याचा उपसा सुरू झाला. कोळसा दळून, पाण्यात कालवून, 439 किलोमीटर लांबीच्या नळातून नेवाडातल्या मोहावी वीजकेंद्राला जाऊ लागला. त्यासाठी दररोज एक कोटी लिटरहून अधिक पाणी लागे, आणि तेही पिण्याजोगं. करारावर होपी जमाती परिषदेची सही होती, पण गावांतल्या अनेकांना तो कधीच मान्य नव्हता. झरे आटताहेत अशी तक्रार ते वर्षानुवर्षं करत राहिले. कंपनीचं म्हणणं होतं की झऱ्यांचा आणि या उपशाचा संबंध नाही. दोन थरांतलं पाणी एकमेकांशी किती जोडलेलं आहे यावर वाद झाला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

जमातीचे माजी अध्यक्ष व्हर्नन मसायेस्वा यांनी ‘ब्लॅक मेसा ट्रस्ट’ उभा करून हा प्रश्न लावून धरला. 2005 च्या अखेरीस वीजकेंद्र बंद झालं आणि नळातला कोळसाही थांबला. पुढच्याच मार्चमध्ये मेक्सिको सिटीत जागतिक जलपरिषद भरली, तेव्हा होपी धावपटू आळीपाळीने धावत सुमारे 3,200 किलोमीटर कापून तिथे पोहोचले. पावसासाठी धावणं ही त्यांची जुनी प्रार्थना, ती या वेळी त्यांनी सरहद्दीपलीकडे नेली.