औषधाचे कुरमुरे

आमच्या बाबांचा इनहेलर कॅप्सूल टाकून फिरवायचा वाला आहे. फिरवलं की कॅप्सूल आत उघडते, मग जोरात श्वास ओढायचा, खर्रर्र आवाज येतो, आणि लगेच बेसिनवर जाऊन गुळण्या. मी लहानपणी विचारायचो की औषध छातीत गेलं तर चूळ कशाला? तर सगळं जातच नाही हो, बरंचसं घशातच चिकटतं, आणि त्यात स्टेरॉइड असलं तर तोंडात बुरशी धरू शकते.

भानगड कणांच्या साइझची आहे. फुफ्फुसात खोल जायचं तर कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचा हवा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो म्हणजे विचार करा. 5 मायक्रॉनहून मोठा कण घशातलं वळण घेऊ शकत नाही, घाटात वेगात आलेल्या ट्रकसारखा सरळ जाऊन आदळतो. फारच बारीक असला तर बराचसा उच्छ्वासाबरोबर परत बाहेर. शिवाय इतकी बारीक पावडर एकमेकांना चिकटते, पावसाळ्यात पिठीसाखरेच्या होतात तशा गुठळ्या. म्हणून बऱ्याच पावडरींमध्ये लॅक्टोजचे, म्हणजे दुधातल्या साखरेचे, मोठे कण घालतात, औषध त्यांच्या पाठीवर बसतं, श्वासाच्या झटक्याने सुटतं आणि पुढे जातं, लॅक्टोज मागे घशात राहतं. ती किंचित गोड चव त्याचीच.

आता समजा औषध हळूहळू सुटायला हवंय, तर ते पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थात, कोंडायचं. पीएलजीए नावाचा पॉलिमर यासाठी फेमस आहे, आपोआप विरघळणारे बरेच टाके त्याच जातीच्या पॉलिमरचे असतात, शरीरात त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक अ‍ॅसिड होऊन जातं. पण इथे खरी गोची आहे. फुफ्फुसाच्या पिशव्यांमध्ये सफाई करणाऱ्या पेशी फिरत असतात, 2-3 मायक्रॉनचा कण दिसला की गट्टम. म्हणजे लहान कण पोचतो पण खाल्ला जातो, मोठा खाल्ला जात नाही पण पोचत नाही.

1997 मध्ये डेव्हिड एडवर्ड्स, रॉबर्ट लँगर आणि मंडळी या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर जो तोडगा छापला तो मला अजून भारी वाटतो. आजी सुपात धान्य पाखडायची तेव्हा दाणा सुपात आणि कोंडा वाऱ्यावर, बरोबर? कोंड्याचं टरफल काही दाण्यापेक्षा फार लहान नसतं, हलकं असतं. हवेला नुसता आकार कळत नाही, वजनही कळतं. मग कण मोठा करा पण पोकळ करा, तांदळाचा कुरमुरा करा! गणित सोपं आहे, व्यासाला घनतेच्या वर्गमुळाने गुणायचं. 10 मायक्रॉनचा कण, घनता पाण्याच्या एक दशांश, तर तो हवेत 3.2 मायक्रॉनचा असल्यासारखा वागतो. आत सहज जातो आणि तिथे पोचल्यावर त्या पेशींच्या घशात मावत नाही. त्यांनी असे इन्सुलिनचे कण उंदरांना दिले तर असर 96 तास टिकला.

असा कुरमुरा करायचा कसा? एक रस्ता म्हणजे औषधाचं पाणी पॉलिमरच्या द्रावणात घुसळायचं, ते मिश्रण परत पाण्यात घुसळायचं, मग सॉल्व्हंट (पॉलिमर ज्यात विरघळवला तो द्रव) उडून जातो आणि पॉलिमर घट्ट होतो. आतल्या पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घातलं तर त्याचा गॅस होऊन निघून जातो, भोकं मागे राहतात, आपल्या ढोकळ्यातल्या सोड्यासारखं. दुसरा रस्ता स्प्रे ड्रायिंग, म्हणजे द्रावण गरम हवेत फवारून सुकवायचं, दूध पावडर करतात तोच. थेंब झटपट सुकला की वरची साय आधी धरते आणि कण पोकळ किंवा सुरकुतलेला होतो, ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल घातलं तर पृष्ठभाग खडबडीत होऊन चिकटणंही कमी. सुरकुतलेले कण एकमेकांना कमी जागी टेकतात ना, म्हणून.

मग बाबांच्या कॅप्सूलमध्ये हे का नाही? कारण औषध आधीच संपलं तरी पॉलिमर अनेक दिवस, कधी आठवडे रेंगाळतो, आणि इनहेलर रोज घ्यायचा असतो, म्हणजे आधीचा माल शिल्लक असताना वर नवा. पॉलिमर तुटताना अ‍ॅसिड होतं ते वेगळंच. दम्याच्या माणसाच्या फुफ्फुसात हे साठवून बघायची हिंमत कोण करेल?