लॅमी सफारीचे मर्यादित रंग

'सफारी' म्हटलं की आपल्याकडे आधी सफारी सूट आठवतो, मग प्रवासाची बॅग, आणि शाईपेनांचा नाद लागलेल्यांना मात्र जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या लॅमी कंपनीचं प्लास्टिकचं शाईपेन, ते तारेच्या मोठ्या क्लिपवालं. हे पेन १९८० पासून बनतंय आणि आकार अजून जवळपास तोच आहे. काळा, करडा, लाल, निळा, पिवळा, पांढरा हे नेहमीचे रंग बारमाही मिळतात, त्याशिवाय गेली बरीच वर्षं कंपनी दर सालाला एक, कधी दोन-तीन वेगळे रंग काढते, ते तेवढ्यापुरते बनतात आणि दुकानातला साठा संपला की संपले. हे येऊन गेलेले रंग जमवायचे हा एक छंदच होऊन बसलाय आणि शाईपेनांच्या नादाला लागलेले बरेच जण याच दारातून आत शिरलेले असतात.

कंपनी स्वतः याला 'स्पेशल एडिशन' म्हणते, जमवणारे सर्रास 'लिमिटेड' म्हणतात. भारी किमतीच्या लिमिटेड पेनांवर आकडा कोरलेला असतो, ५०० पैकी १२७ वा नग वगैरे. सफारीवर असलं काही नसतं, किती नग काढले हे सांगायची भानगडच नाही. मर्यादा काय ती कालावधीची. त्यामुळे एखादा रंग दुर्मिळ ठरतो तो कमी बनला म्हणून की लोकांनी पटापट उचलला म्हणून, हे विकत घेणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही, तरी तो घेतोच.

पेन कसं आहे

लॅमी कंपनी १९३० ची, सुरू केली योझेफ लॅमी यांनी, जे आधी पार्कर पेनांचं जर्मनीतलं काम बघायचे. पुढची पिढी, म्हणजे मानफ्रेड लॅमी, यांनी डिझाइनवर भर दिला आणि १९६६ साली लॅमी २००० हे गाजलेलं पेन आलं. सफारी हे त्याच घरातलं शाळकरी भावंड. जर्मनीत पोरं शाळेत पेन्सिलीनंतर शाईपेनावर येतात (आपल्याकडेही चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीत शाईपेन असा रिवाज खूप शाळांत होताच), त्या वयाच्या मुलांसाठी, वोल्फगांग फाबियान या डिझायनरने मानहाइमच्या एका डिझाइन गटाबरोबर हे पेन आखलं. मुलाच्या हातात नीट बसावं म्हणून पकडीच्या जागी दोन बाजूंनी सपाट केलंय, की अंगठा आणि तर्जनी आपोआप जागेवर जातात. काहींना ही पकड अजिबात सोसत नाही, ज्यांची पेन धरायची सवय वेगळी आहे ते पाच मिनिटांत वैतागतात, त्यांनी रंग कितीही आवडला तरी आधी दुकानात लिहून बघावं.

बाकी ऑफिसातल्या यू-पिनेसारखी वाकवलेल्या तारेची क्लिप, शाई किती उरली ते दिसावं म्हणून दांड्याला दोन बाजूंना खिडकी, स्टीलची निब. निब काढायला हत्यार लागत नाही: चिकटपट्टीचा तुकडा निबेवर नीट दाबून बसवायचा आणि सरळ पुढे ओढायचा, निब जिभेवरून (म्हणजे निबेखालचा, शाई पुढे आणणारा भाग) घसरून हातात येते, दुसरी तशीच सरकवून बसवायची. पहिल्यांदा करताना छातीत धस्स होतं, नंतर जेवता जेवता करता येतं. कार्ट्रिज, म्हणजे शाईने भरलेली तयार नळी, मात्र कंपनीचंच लागतं, दुसऱ्या कंपनीचं बसत नाही, आणि दौतीतून शाई भरायची तर कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी नळी) बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो.

नव्या पेनात दांडा आणि पकडीच्या मध्ये एक पुठ्ठ्याची बारीक रिंग असते, आतलं कार्ट्रिज वाटेत दाबलं जाऊन फुटू नये म्हणून. वापरणारा ती पहिल्या दिवशी काढून फेकतो. जमवणाऱ्यांच्या जगात मात्र या चार आण्याच्या पुठ्ठ्याला भाव आहे, कारण "रिंग अजून आतच आहे" याचा अर्थ पेनात शाई गेलेली नाही. रिंग सांभाळून ठेवणारे लोक मी बघितलेत, त्यातला एक आरशात रोज दिसतो.

रंगच का

सफारी एबीएस प्लास्टिकची, म्हणजे लेगोचे ठोकळे ज्याचे बनतात त्याच जातीचं प्लास्टिक. वितळवून साच्यात दाबून भरतात. यात सगळ्यात महाग गोष्ट असते साचा, आणि नवा आकार काढायचा म्हणजे नवा साचा आला. नव्या रंगाला यातलं काही लागत नाही, प्लास्टिकच्या दाण्यांत रंगाचे दाणे वेगळ्या प्रमाणात मिसळायचे, मशीनमधला जुना रंग बाहेर काढून टाकायचा, आणि त्याच साच्यातून नवं पेन पडायला लागतं. फार तर क्लिप चकचकीत ऐवजी काळी, निब काळी, पृष्ठभाग गुळगुळीत ऐवजी खरबरीत. खर्च थोडा आणि गिऱ्हाईकाला नवं काहीतरी मिळाल्याचं समाधान पुरेपूर. म्हणून तर स्वस्त पेनांच्या बाबतीत नवीन मॉडेलपेक्षा नवीन रंग जास्त येतात, आणि जमवणारा जे गोळा करतो तो खरं तर फक्त रंग आणि साल, कारण लिहायला बसलं की दहाच्या दहा पेनं सारखीच चालतात.

हेच तंत्र बाकीच्यांनीही धरलंय. तैवानच्या ट्विस्बी कंपनीचं इको, जपानी पायलटचं काकुनो, जर्मन कावेकोचं स्पोर्ट, सगळ्यांचे रंग येतात-जातात. पण वर्षाचा रंग असा ठरलेला शिरस्ता आणि त्याची वाट बघत बसलेली माणसं हे सफारीइतकं दुसरीकडे नाही, निदान माझ्या बघण्यात तरी.

लॅमीचंच अल-स्टार हे सफारीचं अॅल्युमिनियममधलं रूप, त्याचेही सालवार रंग निघतात: २०१५ चा कॉपर ऑरेंज, २०१६ चा चार्ज्ड ग्रीन, २०१७ चा पॅसिफिक, २०१९ चा ब्राँझ. त्यात रंग धातूवर अॅनोडाइझ करून, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वरच्या थरात, चढवलेला असतो त्यामुळे झळाळी वेगळी दिसते, पण ओरखडा पडला की आतला पांढरा धातू डोकावतो. सफारीत रंग प्लास्टिकच्या अंगातच मुरलेला, घासली तरी रंग जात नाही.

कोणत्या साली काय

२००८ चा लाइम ग्रीन, २०११ चा अॅक्वामरीन हे जुन्यांमधले मानाचे. मग २०१३, २०१४, २०१५ अशी तीन वर्षं कंपनीला निऑनचं वेड लागलं, पिवळा, कोरल आणि लाइम, तिन्ही असे भडक की रस्त्यावर काम करणाऱ्यांची जाकिटं आठवावीत. तेव्हा नाकं मुरडणारेच आता ते शोधत फिरतात.

२०१६ ला डार्क लायलॅक आला आणि सगळं चित्र पालटलं. गडद जांभळा, पृष्ठभाग खरबरीत, क्लिप काळी, निब काळी. त्याच्या जोडीला त्याच नावाची शाई, जी वाळल्यावर जाड रेषेत सोनेरी छटा मारायची. पेन बरेच दिवस मिळत राहिलं पण शाईची बाटली बघता बघता गायब झाली, आणि मग ज्यांनी एकच घेतली होती ते कपाळाला हात लावून बसले. पुढच्या वर्षीच्या पेट्रोलचीही शाई अशीच पटकन संपली. पेट्रोल हा रंग फोटोत कधीच नीट येत नाही, ट्यूबलाइटखाली काळाच वाटतो, उन्हात खिडकीशी नेलं की निळसर हिरवा उघडतो, मोराच्या मानेचा सगळ्यात गडद भाग असतो तसा. माझ्याकडे तो काळ्या सफारीशेजारी ठेवलेला असतो आणि घरातल्यांना आजवर पटलेलं नाही की ही दोन वेगळी पेनं आहेत.

२०१९ ला फिकट रंगांचं त्रिकूट आलं, पावडर रोझ, मिंट ग्लेझ आणि ब्लू मॅकरॉन, अगदी लग्नातल्या बर्फीच्या ताटासारखं. २०२० ला कँडी नावाने मँगो, व्हायलेट आणि अॅक्वामरीन. इथे नवखे हमखास फसतात, कारण २०११ चा अॅक्वामरीन वेगळा आणि २०२० चा वेगळा, नाव एकच. विकणारा नुसतं 'अॅक्वामरीन' म्हणाला तर साल विचारायचंच, आणि फोटो मागायचा.

सगळ्यात जास्त वाद झाला असेल तो २०२१ चा. त्या साली कंपनीने १९८० चे अगदी पहिले दोन रंग, सव्हाना हिरवा आणि टेराकोटाचा विटकरी, परत काढले. मूळचे रंग चाळीस वर्षं जुने, मिळाले तर जपून ठेवायचे असे, आणि आता कुणीही दुकानात जाऊन तेच घेऊन यायला लागला. ज्यांनी मूळ पेनासाठी बरेच पैसे मोजले होते ते नाराज झाले, ज्यांना कधी मिळणारच नव्हतं ते खूश झाले. माझं म्हणाल तर मी दुसऱ्या गटात. पण या प्रकरणानंतर एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली की आकडा नसलेलं लिमिटेड हे कंपनीच्या मर्जीवर असतं, रंगाचं प्रमाण त्यांच्याकडे लिहिलेलं आहे आणि साचाही आहे, मनात आलं की पुन्हा काढतील. २०२४ मध्ये लॅमी जपानच्या मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने, म्हणजे युनिबॉल पेनवाल्यांनी, विकत घेतली, तेव्हा ती मर्जीही आता तिकडे गेली.

याशिवाय काही रंग ठराविक देशांपुरते निघतात, विशेषतः पूर्व आशियात, लाइन फ्रेंड्सच्या कार्टूनवाली सफारी तशीच तिकडची. ते आपल्यापर्यंत पोचतात ते कुणाच्या तरी सामानातून.

आपल्याकडे

'परवडणारं पेन' हे जर्मनीतलं वर्णन, तिकडे हे पेन वीस-पंचवीस युरोच्या आसपासचं. इकडे तेच हजारांच्या भाषेत बोलतं, आणि बाहेरून मागवलं तर वर कस्टम. म्हणून पुण्या-मुंबईतल्या जमवणाऱ्यांचे दोन मार्ग, एक म्हणजे दुकानात नवा रंग आला की लगेच घेणं आणि दुसरा परदेशातला भाऊ, मावशी, जुना वर्गमित्र. "दादा येताना चॉकलेट नको, एक पेन आण, लिंक पाठवते" हा मेसेज बऱ्याच घरांत गेलेला आहे, आणि दादाने हमखास लिंक न उघडता विमानतळावरून भलत्याच रंगाचं आणलेलं आहे.

ज्यांचं बालपण कॅम्लिनच्या (दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत काढलेली कंपनी) शाईने बोटं निळी करण्यात गेलं त्यांना हा सगळा प्रकार थोडा अजब वाटतो. तेव्हा दुकानदाराच्या डब्यात जो रंग असेल तो घ्यायचा, साल कोण विचारतंय. पण गंमत म्हणजे हीच पन्नाशीची मंडळी आता या छंदात उत्साहाने असतात.

नकली माल

सफारीसारख्या दिसणाऱ्या पेनांत दोन जाती आहेत. एक उघड नक्कल, जसं चीनचं जिनहाव ५९९ किंवा हिरो ३५९, जी स्वतःच्या नावाने विकली जातात आणि किमतीच्या मानाने बरी लिहितात. दुसरी जात म्हणजे सरळ लॅमीचं नाव छापलेली खोटी सफारी, आणि बंद झालेल्या रंगांत ही जास्त निघते कारण मागणी तिथेच. मी स्वतः एका ऑनलाइन विक्रेत्याकडून डार्क लायलॅक म्हणून घेतलेलं पेन असंच निघालं. फोटोत बरोबर होतं. हातात घेतल्यावर क्लिप टोपणावर डुगडुगत होती, दांड्यावर साच्याची शिवण नखाला लागत होती, आणि निब कागदावर अशी खरखरत होती की शेजारच्याने वर बघितलं. पैसे परत मिळाले नाहीत. ते पेन आता दळणाच्या डब्यावर नाव लिहायला आहे.

ठेवण

निऑन रंग उजेडाने विटतात, पांढरी सफारी उन्हात राहिली तर पिवळट पडते, म्हणून शोकेस खिडकीसमोर नको. शाई भरून महिनोन्महिने पडलेलं पेन जिभेत शाई सुकून चोंदतं, तेव्हा ठेवणीतलं पेन साध्या पाण्याने निथळ निघेपर्यंत धुवून, कोरडं करूनच ठेवायचं, गरम पाणी वापरायचं नाही.

आणि एक प्रकार काही जणांना पाखंड वाटतो: भागांची अदलाबदल. सगळ्या सालांच्या सफारींचे भाग एकमेकांना बसतात, त्यामुळे पिवळा दांडा, जांभळं टोपण, काळी पकड असं हवं ते जोडता येतं. पोरांच्या हाती संग्रह लागला की हे आपोआप होतं. परत लावताना कुठलं टोपण कुठल्या सालाचं हे शोधायला एक संध्याकाळ जाते, आणि पेट्रोलचं टोपण काळ्या दांड्यावर चढलं असेल तर ते कळायला सकाळचं ऊनच लागतं.