मूळ पट्टी की गळ्याची पट्टी? जुन्या गाण्यांच्या एका वादाची पार्श्वभूमी

ठाणे, वाशी, नेरूळ, पनवेलच्या कराओके गटांत एक वाद वर्षानुवर्षं मिटत नाही. साठी ओलांडलेल्या गायकाने जुनं गाणं मूळ पट्टीतच, म्हणजे मूळ गायकाच्या सुराच्या उंचीवरच म्हणावं, की ट्रॅक (गाण्यामागचं तयार संगीत) आपल्या गळ्यापुरता खाली उतरवून घ्यावा? वरवर हा तांत्रिक प्रश्न वाटतो. वयाबरोबर गाण्याची आवड खरंच बदलते, की फक्त गळा आणि कान बदलतात, हा प्रश्न मात्र त्याच्या मुळाशी आहे.

आज सत्तरीत असलेल्यांची आवड रेडिओने घडवली. १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. मग ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. मराठी भावगीतांचा बहरही याच सुमाराचा. रेडिओवर गाणं निवडता येत नसे. जे लागेल ते अख्ख्या चाळीने ऐकायचं, त्यामुळे आवड सगळ्या घरांची सामायिक झाली.

हे कॅसेटने मोडलं. १९८० च्या दशकात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात दिली की ‘भरून’ मिळे. सी-६० च्या एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सव्वातीन-साडेतीन मिनिटांची आठ-नऊ गाणी. दोन्ही बाजू मिळून सतरा-अठरा गाण्यांची ती यादी मग वर्षानुवर्षं त्याच क्रमाने वाजत राही. एक गाणं संपताना पुढच्याची सुरावट आपसूक ओठांवर येई. मे १९९२ मध्ये लोकल वाशीपर्यंत आली. त्या आगेमागे मुंबईतून आणि कोकणातून नवी मुंबईत राहायला आलेल्या अनेक कुटुंबांच्या सामानात अशा कॅसेटींचा डबा होता. ‘म्हाताऱ्यांची आवड गोठलेली असते’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की ती यादी वयाने जेवढी गोठवली तेवढीच फितीनेही गोठवली.

अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात हमखास पुढे केला जातो. १६ ते ८६ वयाच्या १०८ जणांना १९३२ ते १९८६ मधली २८ गाणी ऐकवली, आणि गाणं गाजलं तेव्हा साधारण २३.५ वर्षांचे असलेल्यांना ते सर्वांत जास्त आवडलेलं दिसलं. आकडा आकर्षक आहे, पण तो जसाच्या तसा इथे लावता येत नाही. आपल्याकडे रेडिओ आधी शेजाऱ्याचा असे आणि स्वतःचा टेपरेकॉर्डर पहिल्या पगारानंतर येई. शिवाय २०१३ च्या एका अभ्यासात विशीतल्या मुलांची नाळ त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही जुळलेली दिसली.

दिवाळी पहाटेला ठाण्यात या विषयाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात. नाट्यगृहात भावगीतं चाललेली असतात आणि राम मारुती रोड, तलावपाळीवर तरुणांची झुंबड आणि डीजे. त्यावरून लोक लगेच पिढ्यांच्या दरीचा निष्कर्ष काढतात. घणसोली, ऐरोली, दिवाळे, बेलापूरच्या आगरी-कोळी घरांतली हळद बघितली तर तो निष्कर्ष टिकत नाही. धवलारीण धवला, म्हणजे लग्नविधीचं पारंपरिक गाणं गाते, नंतर बेंजो नाहीतर डीजेवर कोळीगीतं लागतात आणि आजी-नातू एकाच ठेक्यावर नाचतात. गाणं विधीला आणि नाचाला बांधलेलं असलं की वय फारसं आड येत नाही. वय आड येतं ते खुर्चीत बसून ऐकण्याच्या गाण्यात, आणि त्याहून जास्त ते स्वतः म्हणताना.

गळ्याचं वय सरळसोट वाढत नाही. रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज खाली येतो आणि तारसप्तकातले वरचे सूर आधी जातात. पुरुषांचा आवाज उतारवयात उलट किंचित चढतो आणि पातळ होतो. म्हणून ‘सगळ्यांनी दोन स्केल उतरवा’ हा सरसकट सल्ला चुकीचा आहे.

आता वादाकडे. मूळ पट्टीच्या आग्रहामागे एक खरं निरीक्षण आहे. १९९४ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना ओळखीची गाणी आठवणीतून म्हणायला सांगितली. दोन प्रयत्नांपैकी एकदा तरी नेमक्या मूळ सुरावर आलेले ४० टक्के निघाले. म्हणजे वर्षानुवर्षं ऐकलेलं गाणं डोक्यात पट्टीसकट बसलेलं असू शकतं. पांढरी चारमधलं गाणं काळी दोनमध्ये (ही पेटीवरच्या पट्ट्यांची नावं, दुसरी पहिलीच्या खालची) सुरू झालं की जाणत्या श्रोत्याला पहिल्या ओळीला खटकतं, ही तक्रार खोटी नाही.

पण मूळ पट्टी म्हणजे नेमकी कुठली? जुन्या गाण्याची तबकडीवरची आणि चित्रपटातली पट्टी बऱ्याचदा जुळत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडच्या टीव्हीसाठी तो बहुतेकदा २५ ने चालवला गेला. वेग चार टक्क्यांनी वाढला आणि सूर पेटीवरच्या पुढच्या पट्टीकडे जवळजवळ पाऊण अंतर वर सरकला. सैल पडलेली कॅसेट तोच सूर खाली ओढते. त्यामुळे दोन जाणकार मूळ पट्टीवरून भांडतात तेव्हा दोघांच्या आठवणीत मुळात दोन वेगळ्या प्रती असू शकतात. अशा ‘मूळ’ सुरासाठी पासष्टीच्या बाईने अंतऱ्यात किंचाळावं हा आग्रह संगीताचा नाही, हट्टाचा आहे. गाण्याची ओळख सुरांमधल्या अंतरांत असते आणि पट्टी उतरवली तरी ती अंतरं तशीच राहतात.

फितीच्या काळात उतरवणं महाग पडे. वेग कमी केला की सूर आणि लय दोन्ही उतरत. एका अर्ध्या सुरामागे (पेटीवरच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत) वेग सुमारे सहा टक्के कमी होई. ३ मिनिटं २० सेकंदांचं गाणं दोन अर्ध्या सुरांनी उतरवलं की ३ मिनिटं ४४ सेकंदांचं होई आणि रेंगाळे. आता अ‍ॅप लय न हलवता सूर उतरवतं. तरी मर्यादा आहेच. उणे दोनपर्यंत, म्हणजे दोन अर्धे सूर खाली, सहसा कळत नाही, उणे तीनला ढोलक-तबला ढिला वाटू लागतो, उणे चारच्या पुढे सतारीची धार जाते आणि झांजा चिरफळतात. मूळ गाण्यातून आवाज काढून केलेला ट्रॅक असेल तर मागे राहिलेला पुसट आवाज घोगरा होऊन तरंगत राहतो. तीनपेक्षा जास्त उतरवायचं असेल तर खालच्या पट्टीत नव्याने वाजवलेला ट्रॅक घ्यावा. वाद्यवृंद असेल तर कीबोर्डवाल्याला एक बटण पुरतं, बासरीवाल्याला मात्र दुसरी बासरी लागते आणि तबलजीला दुसरा दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला. पट्टी ऐनवेळी कळवली की तबला ठोकून लावण्यात दहा मिनिटं जातात आणि तरी तो बेसूरच राहतो.

आपली पट्टी शोधायची रीत सोपी आहे. अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर पेटीवर धरायचा आणि जोर न लावता ‘आ’कारात चार सेकंद, तीनदा लावायचा. मान ताणली गेली किंवा सूर तिसऱ्यांदा डगमगला तर अर्धा सूर खाली यायचं. जमला की मुखड्यातला सर्वांत खालचा सूर तपासायचा. तो नुसता श्वास होऊन बाहेर पडला तर आपण जास्त उतरलो. गाण्याचा पल्ला दीड सप्तक, म्हणजे अठरा अर्धे सूर असेल आणि गळा चौदा-पंधरात फिरत असेल, तर कोणतीही पट्टी कामाची नाही, गाणं बदलावं. द्वंद्वगीतात अडचण दुप्पट होते. तिच्यासाठी तीन उतरवलं की तो खर्जात बुडतो. तिथे उणे एकवर तडजोड होत नसेल तर जोडीदार बदलणं बरं.

कानाचं वय याहून कमी बोललं जातं. वाढत्या वयात आधी वरच्या कंपनांचं ऐकू येणं जातं. आठ किलोहर्ट्झच्या पलीकडलं आधी, मग चार ते आठमधलं, जिथे स, श, फ ही व्यंजनं असतात. तबकडीच्या आणि चित्रपटाच्या जुन्या ध्वनिमुद्रणाचा पल्ला बराचसा आठच्या आसपासच संपे, आणि आवाज वाद्यांच्या पुढे ठेवलेला असे. म्हणजे सत्तरीच्या कानाला जुन्या गाण्यात गमवावं लागतं ते थोडंच. आजच्या गाण्यात शब्द जाड बेसखाली आणि झांजांच्या सळसळीत असतात. ते कळत नाहीत आणि माणूस म्हणतो, नवीन गाणी आवडत नाहीत. यातली सगळी नावड आवडीची नसते.

म्हणून ज्येष्ठांच्या कार्यक्रमात ‘ऐकू येत नाही’ अशी ओरड झाली की सरसकट आवाज वाढवणं ही हमखास होणारी चूक आहे. या कानांना हळू आवाज पोचत नाही आणि मोठा एकदम बोचतो. आधी एको (आवाजाला दिलेला घुमारा) उतरवावा, मग १२० हर्ट्झखालचा बेस कमी करावा, मग गायकाच्या चॅनेलवर दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने उचलावा. हे रंगीत तालमीत करायचं असेल तर सत्तरीतला एक श्रोता मागून तिसऱ्या रांगेत बसवावा आणि त्याच्या ओळखीचं नसलेलं कडवं म्हणावं, कारण पाठ असलेले शब्द ऐकू न येताही ‘ऐकू येतात’. भरलेलं सभागृह वरचे सूर शोषून घेतं, तेव्हा प्रेक्षक बसल्यावर तो पट्टा आणखी एखाद डेसिबल वर घ्यावा लागतो.